चारशे म्हणजे चारशे

काल संध्याकाळपासून गॅरेजात साठेक किलोचं ॲल्युमिनियमचं धूड पडलंय. त्याला लाथ घालायची इच्छा मी आवरून धरलीय, कारण अंगठा माझाच आहे.

गाडी 1972ची शेव्हरोले कॉर्व्हेट, ऑटोमॅटिक. (स्पोर्ट्स कार आणि ऑटोमॅटिक, असं म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी माझा डावा गुडघा एक दिवस वापरून बघावा.) गिअरबॉक्सच्या केसला, म्हणजे बाहेरच्या कवचाला, तडा गेला, दुसरा गिअरबॉक्स हवा. बस, एवढंच.

"टर्बो 400 पाहिजे," मी सुटे भाग विकणाऱ्या पोराला फोनवर म्हणालो. टर्बो 400 हे माझ्या गिअरबॉक्सचं नाव.

"इंजिन कुठलं, काका?"

"350."

"मग गिअरबॉक्सही 350च लागणार."

"अरे, ते 350 क्युबिक इंच. म्हणजे 5.7 लिटर. गिअरबॉक्सचं 350 हे नुसतं नाव आहे."

"पण आकडा एकच आहे ना?"

"माझ्या चपलेचा नंबर नऊ आणि बसचा नंबरही नऊ. म्हणून चपलेत बसून ऑफिसला जाऊ का?"

पलीकडे शांतता. मला वाटलं, पटलं.

"म्हणजे गिअरबॉक्स बसला पाहिजे का, काका?"

मग मी शिकवणीच घेतली. 350च्या मागच्या शाफ्टला 27 दाते, 400च्या शाफ्टला 32. माझ्या गाडीचा योक, म्हणजे त्या शाफ्टला पुढे जोडणारा तुकडा, 350वर बसणारच नाही. "पाचच दात्यांचा तर प्रश्न," तो समजुतीने म्हणाला, "घासून बसेल."

खरं तर त्या पोराला तरी काय दोष द्यायचा! या आकड्यांनी भल्याभल्यांची गंमत केलीय. फेरारीने 1976 साली '400' काढली, तिच्या ऑटोमॅटिकमध्ये हाच अमेरिकन टर्बो 400. पण गाडीच्या नावातले 400 म्हणजे एका सिलिंडरचे साधारण तेवढे सीसी! हे त्याला सांगितलं असतं तर त्याने मला फेरारी विकली असती.

शेवटी तो कंटाळून म्हणाला, "चारशेच पाठवतो." आणि पाठवला. फोटो मागितले होते, तर पाचही फोटो खालच्या ऑइल पॅनचे. पुढचं तोंड एकातही नाही. मी तरीही पैसे भरले. हे वाक्य घरात वाचून दाखवणार नाही.

दोघांनी मिळून तो जॅकवर चढवला, इंजिनापर्यंत नेला, आणि बोल्टची भोकं जुळेनात. बेल हाउसिंगच्या, म्हणजे इंजिनाला जोडणाऱ्या पुढच्या तोंडाच्या, माथ्यावर मधोमध खळगा. शेव्हरोलेला तो नसतो, ब्युइक-पॉन्टिअॅक मंडळींना असतो. एकाच जनरल मोटर्सची लेकरं, पण बोल्टांची मांडणी वेगवेगळी. आणि बेल हाउसिंग केससकट ओतलेलं, म्हणजे बदलायचीही सोय नाही.

उजव्या अंगाला गिअरबॉक्स कुठल्या गाडीचा ते सांगणारी पत्र्याची पट्टी असते. तिच्यावर चंदेरी रंग फासलेला. नखाने खरवडला. शेव्हरोलेचा 'सी' हवा होता, निघाला 'बी'.

फोन लावला.

"काका, चारशे मागितलात, चारशे दिला."

"ब्युइकचा दिलास!"

"परत घेऊ की. भाडं तुमचं."

भाडं माझं. चूक त्याची, कंबर माझी, भाडंही माझं! मी फोन आपटला.

आज सकाळी त्याचाच फोन. आवाजात केवढा उत्साह!

"काका, तुमचं काम झालं. एक ब्युइक आलीय विकायला. गिअरबॉक्स नाहीये तिला."