शेळीला सांगून ठेवा, साहेब येईपर्यंत विऊ नको

पशुसंवर्धन खात्याच्या नाविन्यपूर्ण योजनेत शेळीगटाला नंबर लागला का मालक? बेस झालं. पेढे वाटू नका, ते पैसे झेरॉक्सला लागतील.

माझ्या गटाची पाहणी जनावरांच्या डॉक्टरसाहेबांनी परवा एकदाची केली. अनुदान अजून पोर्टलवर 'प्रलंबित'च आहे, तर म्हणलं नवीन लाभार्थ्यांना चार गोष्टी सांगाव्या.

पैशाची काळजी करू नका. 10 शेळ्या 1 बोकड, उस्मानाबादी गट, विम्यासकट 1,03,545 रुपये, त्यात आपल्यासारख्या ओपनवाल्याला निम्मं म्हणजे 51,773 अनुदान. फक्त आधी सगळे आपण घालायचे, मग पाहणी, मग अनुदान. मधलं व्याज पतसंस्था प्रेमानं घेती.

आता महत्त्वाचं. सांगोल्याच्या बाजारात गेलात की कुणीतरी जाणता माणूस सांगणारच, गाभण शेळी घ्या. अजिबात ऐकू नका. शेळी पाच महिन्यांत विती, उस्मानाबादी तर जुळी टाकती, आणि साहेब काय पाच महिन्यांत येत नसतात. माझ्याकडं आले तवर गोठ्यात करडं उड्या मारत होती. पहिला प्रश्न, "यादीत 11 आहेत, एवढी जनावरं कशी?" आता काय सांगू, बोकड पण तुमच्याच यादीतला आहे की! मग बिल्ले तपासले, तर एका शेळीच्या कानात बिल्ला नाही. बाभळीच्या काट्यात अडकून कान फाटला तिचा, शेळी आहे ती, झाडाला तोंड लावणारच ना. नंबर जुळत नाही म्हणून शेरा मारला. अहो, वेळेवर आला असता तर कान शाबूत होता! आणि एक शेळी तर मेलीच. विम्याला पीएम, म्हणजे पोस्टमॉर्टेमचा रिपोर्ट पाहिजे, पीएमला डॉक्टर पाहिजे, डॉक्टर म्हणजे तेच साहेब, आणि साहेब पंढरपूरला वारीच्या ड्यूटीवर. वास सुटला म्हणून पुरली, तर आता विचारतात पुरली कशाला, विकली नाही हे कशावरून. म्हणजे उशीर यांचा आणि चोर मी.

फोन करू नका. "येतो की मालक" एवढंच ऐकायचं असतं.

पाहणी कधी होईल विचारणाऱ्यांनी कॅलेंडर बघावं. जानेवारीत सोलापूरची गड्डा यात्रा, मग मार्च एंड, मग लसीकरण, मग आषाढी, आणि उरलेल्या दिवसांत आचारसंहिता.

शेळीसोबत फोटो काढताना हसू नका, लाभार्थी गरजू दिसत नाही.

जाऊ द्या, मस्करी बास. साहेब, जागा रिकाम्या आहेत, एका डॉक्टरच्या गळ्यात दोन-तीन दवाखान्यांचा चार्ज असतो, माहीत आहे आम्हाला. त्याबद्दल तुमच्यावर राग नाही. पण भरती करायची कुणी, आम्ही? अर्जाला एक दिवस उशीर झाला तर आमचं नाव उडतं, कागद कमी पडला तर अर्ज बाद, आणि तुमच्या पाहणीला मुदतच नाही? गट घेतला त्याच आठवड्यात तलाठ्याला पाठवा, ग्रामसेवकाला पाठवा, नाहीतर व्हिडिओ कॉलवर बिल्ले मोजा, मोबाईल आहेत आमच्याकडं. तेही जमत नसेल तर पाहणीची तारीख लेखी द्या, आणि ती चुकली तर पुढचं व्याज खात्यानं भरावं. फाटलेल्या कानाचा शेरा पण आधी खोडा.