‘एसयूव्ही काढली आणि ब्रँड बुडाला’: फिरत्या संदेशाला उत्तर

माझा भाचा वाहन अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. त्याने वर्गात सादर करायच्या निबंधाचा मसुदा मला वाचायला दिला, तेव्हा त्यातली दीड पाने मला आधीपासूनच पाठ असल्याचे लक्षात आले. तोच मजकूर गेले कित्येक महिने या ना त्या गटातून माझ्याकडे येतो आहे. स्पोर्ट्‌स कारच्या ब्रँडने एसयूव्ही बनवणे म्हणजे आत्महत्या, असा त्याचा दावा आहे आणि त्याच्या पुष्ट्यर्थ पाच मुद्दे दिलेले असतात. संस्थापकांनी आयुष्यभर स्पोर्ट्‌स कारखेरीज दुसरे काही केले नाही; एसयूव्ही आली की स्पोर्ट्‌स कारचा पैसा आणि अभियंते तिकडे वळतात; या गाड्या म्हणजे दुसऱ्याच्या सांगाड्यावर चिकटवलेले बोधचिन्ह असते; उंच आणि जड गाडी चपळ असूच शकत नाही; आणि नाव बाटवण्यापेक्षा कंपनी बंद पडलेली बरी. शेवटी फेरारीचा दाखला असतो, ती म्हणे या मोहाला कधीच बळी पडणार नाही. असले संदेश मी एरवी न वाचता पुसून टाकते, पण हा घरातल्या अभ्यासाच्या टेबलापर्यंत पोहोचला, म्हणून हे उत्तर.

संस्थापकांचा मुद्दा लवकर निकालात निघतो. फेरुच्चो लॅम्बोर्गिनी यांचा मूळ धंदा ट्रॅक्टरचा होता. त्यांची मोटार कंपनी १९६३ सालची आहे. त्यांनी ती विकल्यानंतरची गोष्ट असली, तरी याच कंपनीने १९८६ मध्ये, म्हणजे एसयूव्हीची लाट येण्याच्या कितीतरी आधी, काउंटाश या आपल्याच स्पोर्ट्‌स कारच्या व्ही-१२, म्हणजे बारा सिलिंडरच्या, इंजिनावर चालणारी एलएम००२ ही दांडगी गाडी बाजारात आणली होती. फर्डिनांड पोर्शे यांची सर्वांत प्रसिद्ध निर्मिती म्हणजे फोक्सवागनची बीटल, पन्नाशीच्या दशकात पोर्शेच्या नावाचे ट्रॅक्टर शेतात चालत होते आणि त्याच दशकात कंपनीने लष्करासाठी ‘टाइप ५९७’ ही चारही चाकांना ताकद देणारी गाडीही करून पाहिली होती. संदेशातला सोवळा भूतकाळ कधी अस्तित्वातच नव्हता.

सर्वांत उद्वेगजनक आहे तो शेवटचा मुद्दा, आणि नेमक्या त्याच ओळीखाली भाच्याने कौतुकाने रेघ ओढली आहे. कंपनी बंद पडली तरी चालेल, नाव शुद्ध राहिले पाहिजे, असे म्हणणाऱ्याने बंद पडणे म्हणजे काय याचा क्षणभरही विचार केलेला नसतो. नवे इंजिन विकसित करणे, अपघात-चाचण्यांसाठी गाड्या फोडणे, उत्सर्जनाचे दर काही वर्षांनी कडक होणारे नियम पाळणे, हा खर्च वर्षाला पाच हजार गाड्या विकणाऱ्यालाही चुकत नाही आणि पाच लाख विकणाऱ्यालाही चुकत नाही. फरक एवढाच की पहिल्याला तो मूठभर गाड्यांवर वाटावा लागतो. त्यातून स्पोर्ट्‌स कार ही बहुतेकांच्या घरातली दुसरी किंवा तिसरी गाडी असते. मंदी आली की पहिली काट तिलाच बसते. पोर्शेने १९८६ मध्ये अमेरिकेत ३० हजारांच्या आसपास गाड्या विकल्या होत्या. १९९३ मध्ये हा आकडा चार हजारांच्याही खाली आला. सात वर्षांत एवढी घसरण झाली, आणि त्या काळात कंपनीच्या यादीत एकही एसयूव्ही नव्हती. म्हणजे शुद्धता पुरेपूर होती, नव्हते ते गिऱ्हाईक.

अलीकडचे उदाहरण हवे असेल तर मॅक्लारेन या ब्रिटिश स्पोर्ट्‌स कार कंपनीचे घ्यावे. एसयूव्ही बनवणार नाही असे ही कंपनी तेव्हा वर्षानुवर्षे ठामपणे सांगत होती आणि संदेशाच्या कसोटीवर तिच्याइतका निष्कलंक ब्रँड दुसरा सापडणार नाही. याच कंपनीला २०२१ मध्ये वोकिंग येथील आपले मुख्यालय, जे तिच्या अभिमानाचे प्रतीक मानले जाते, १७ कोटी पौंडांना विकून त्यातच भाडेकरू म्हणून राहावे लागले. करोनाच्या साथीचा फटका त्यामागे होता हे खरे. पण तो फटका सगळ्यांनाच बसला होता आणि घर विकायची वेळ सगळ्यांवर आली नाही. आपल्या आवडत्या ब्रँडवर अशी वेळ यावी असे ज्यांना मनापासून वाटते त्यांना मी ब्रँडचे चाहते म्हणणार नाही.

या ठिकाणी एक गोष्ट मला नाइलाजाने मान्य करावी लागते. ‘केयेन या एसयूव्हीने पोर्शेला वाचवले’ असे जे सरसकट सांगितले जाते तेही पूर्ण खरे नाही. १९९३ मध्ये वेंडेलिन वीडेकिंग यांनी सूत्रे हाती घेतली, जपानी सल्लागार बोलावून कारखान्यातली उधळपट्टी थांबवली आणि १९९६ मध्ये बॉक्स्टर ही स्पोर्ट्‌स कार आणली, जिचे बरेचसे भाग ९११ या पोर्शेच्या प्रसिद्ध स्पोर्ट्‌स कारच्या पुढच्या पिढीबरोबर सामाईक होते. कंपनी बुडताना वाचली ती यामुळे. केयेन २००२ मध्ये आली, तोवर पोर्शे पुन्हा नफ्यात होती. केयेनने केले ते वेगळे काम: एका मंदीत सगळे गमावण्याची जी भीती दोन-तीन मॉडेलांवर जगणाऱ्या कंपनीला कायम असते, ती तिने घालवली.

आता पैसा आणि अभियंते पळवले जाण्याचा मुद्दा. याला मतांनी नव्हे, आकड्यांनीच उत्तर द्यावे लागेल. पोर्शेने स्वतः जाहीर केलेल्या माहितीनुसार २०२३ मध्ये तिने ३,२०,२२१ गाड्या ग्राहकांच्या हाती दिल्या. त्यांपैकी ८७,५५३ केयेन होत्या आणि ८७,३५५ मॅकान, म्हणजे निम्म्याहून अधिक गाड्या एसयूव्ही. आणि जिचा गळा घोटला गेला असे संदेश म्हणतो, ती ९११ त्याच वर्षी ५०,१४६ ग्राहकांकडे गेली. नव्वदीच्या सुरुवातीच्या त्या पडत्या वर्षांत सगळी मॉडेले मिळून पोर्शेची वार्षिक विक्री २० हजारांपर्यंतही पोहोचत नव्हती, हे शेजारी ठेवून पाहावे. लॅम्बोर्गिनीचे गणित तर आणखी सोपे आहे. उरुस ही तिची एसयूव्ही येण्यापूर्वीच्या २०१७ सालात कंपनीने एकूण ३,८१५ गाड्या दिल्या. २०२३ मध्ये १०,११२ दिल्या, त्यांत ६,०८७ उरुस. वजाबाकी केली तर ४,०२५ स्पोर्ट्‌स कार उरतात, म्हणजे पूर्वीच्या सगळ्या विक्रीपेक्षा जास्तच. शिवाय त्याच वर्षी व्ही-१२ इंजिनाची नवी रेव्हुएल्तो ही स्पोर्ट्‌स कारही आली.

अभियंत्यांच्या बाबतीत मात्र संदेशाच्या हाती एक खरा धागा लागला आहे, जरी लिहिणाऱ्याला तो ठाऊक असल्याचे दिसत नाही. पोर्शेने १९९९ मध्ये फ्रान्समधील २४ तासांच्या ल मान्स शर्यतीसाठीच्या नव्या गाडीचा प्रकल्प गुंडाळला, आणि त्यामागे केयेनसाठी माणसे आणि पैसा मोकळा करणे हे कारण असल्याचे जाणकार नेहमी सांगतात. पण त्या गाडीचे व्ही-१० इंजिन वाया गेले नाही. त्यातूनच कॅरेरा जीटी ही स्पोर्ट्‌स कार घडली, आणि ती जुळवली गेली लाइपझिगच्या कारखान्यात, जिथे केयेनही तयार होत होती. पुढे कंपनी ल मान्सला परतली आणि २०१५, २०१६ व २०१७ अशी सलग तीन वर्षे जिंकली.

दुसऱ्याच्या सांगाड्याचा आक्षेप अर्धा खरा आहे. उरुस, केयेन, बेंटलेची बेंटायगा आणि ऑडी क्यू७ या एकाच पायावर उभ्या आहेत, आणि बोधचिन्हासाठी किती जादा मोजायचे हे विकत घेणाऱ्याने जरूर तपासावे. मात्र याच न्यायाने १९४८ ची ३५६, म्हणजे पोर्शे नावाची पहिली गाडीसुद्धा बाद करावी लागेल, कारण तिचे इंजिन आणि बरेचसे सुटे भाग फोक्सवागनचेच होते.

चपळतेबद्दल फार लिहीत नाही. जर्मनीतील नुर्बुर्गरिंग या शर्यतीच्या ज्या लांबलचक मार्गावर १९९९ मध्ये ९११ जीटी३ ला सात मिनिटे ५६ सेकंद लागले होते, तिथे २०२१ मध्ये केयेन टर्बो जीटीने सात मिनिटे ३९ सेकंदांच्या आत फेरी पूर्ण केली. यात टायरच्या आणि सस्पेन्शनच्या प्रगतीचा, तसेच ६४० अश्वशक्तीचा वाटा मोठा आहे. सव्वादोन टन वजन टायर आणि ब्रेक खाते आणि उंच बॉनेट पादचाऱ्यासाठी अधिक घातक ठरते, हे एसयूव्हीवरचे गंभीर आक्षेप आहेत. ते संदेशात नाहीत.

ज्यांची उदाहरणे संदेशकर्त्याला खरोखर उपयोगी पडली असती, त्या दोन कंपन्यांचा त्याने उल्लेखही केलेला नाही. अ‍ॅस्टन मार्टिनने डीबीएक्स ही एसयूव्ही आणली, २०२१ मध्ये कंपनीच्या विक्रीचा जवळजवळ अर्धा भाग या एकाच गाडीचा होता, आणि तरीही कंपनीचा तोटा थांबला नाही. कर्जाचा डोंगर असताना एसयूव्ही हा काही रामबाण उपाय नव्हे. लोटसचे दुखणे अधिक खोल आहे. हलकेपणा हाच ज्या कंपनीचा धर्म होता, जिची एलिस ही स्पोर्ट्‌स कार सुरुवातीला पाऊण टनाच्याही आत होती, तिने २०२१ मध्ये एलिस बंद केली आणि पाठोपाठ अडीच टनांची विजेवर चालणारी एलेत्रे ही एसयूव्ही आणली. जुन्या चाहत्यांनी तिथे नाराज व्हायला माझी हरकत नाही, कारण तिथे त्यांच्या हातातून खरोखरच काहीतरी गेले आहे. पोर्शे आणि लॅम्बोर्गिनीच्या चाहत्यांच्या हातातून नेमके काय गेले, ते मात्र संदेश सांगत नाही.

राहता राहिली फेरारी. तिने सप्टेंबर २०२२ मध्येच चार दारांची, उंच बांध्याची, साडेसहा लिटरच्या व्ही-१२ इंजिनाची गाडी आणली आहे. कंपनी तिला एसयूव्ही म्हणत नाही आणि तिचा वाटा एकूण उत्पादनाच्या २० टक्क्यांपलीकडे जाऊ देणार नाही असेही तिने जाहीर केले आहे. मसुद्यातल्या त्या वाक्यासमोर मी पेन्सिलीने गाडीचे नाव तेवढे लिहिले, पुरोसांग्वे, आणि त्याचा इटालियन अर्थ: शुद्ध रक्ताचा.