शनिवारचे २४० डॉलर

कॅनडात, मिसिसागातल्या आमच्या प्लाझाच्या कोपऱ्यावर कॉफीच्या दुकानाबाहेर एक बुटकी भिंत आहे. तोच आमचा कट्टा. सरकार मुलांमागे दरमहा जो भत्ता देतं, त्याचं नवं वर्ष जुलैत सुरू होतं आणि रक्कम आधीच्या वर्षाच्या उत्पन्नावर ठरते, त्यामुळे २०२५ च्या जुलैत सगळ्यांच्या घरी नव्या रकमेची पत्रं येऊन पडली होती. नागपूरकर तर पत्र खिशात घेऊनच आला.

"महिन्याला दीडशे डॉलर कमी केले बे! वर्षभर शनिवारी राबलो, त्याची ही शिक्षा?"

त्याची पोरं दोन, दोन्ही सहाच्या आतली. नवरा-बायकोचं मिळून उत्पन्न २०२३ मध्ये ५० हजार होतं, ते ओव्हरटाइममुळे २०२४ मध्ये ६२ हजार झालं.

"कमाई वाढली तर भत्ता कमी हुणारच की," कोल्हापूरकर म्हणाला. "२०१६ च्या आधी सहा वर्षांखालच्या पोरामागं श्रीमंतालाबी ठरलेली रक्कम मिळायची. ते बरं हुतं व्हय? ज्याला गरज त्याला जास्त, हेच बरोबर."

ताई आमच्या सगळ्यांची रिटर्नं भरून देते. तिने नागपूरकराच्या पत्राच्या पाठीवरच आकडे मांडले. वर्षाच्या ५० शनिवारांचे १२ हजार, म्हणजे एका शनिवारचे २४०. त्यातून २०२४ च्या दराने फेडरल, म्हणजे केंद्राचा टॅक्स १५ टक्के, आमच्या ऑन्टारिओ प्रांताचा ५.०५, पेन्शन आणि बेकारी विम्याचे मिळून साडेसात. हे सगळ्यांनाच माहीत होतं. मग तिने खाली आणखी दोन ओळी लिहिल्या. दोन मुलं असली की या उत्पन्नात शंभर डॉलर वाढल्यावर फेडरल भत्ता साडेतेरा डॉलरने घटतो, आणि ऑन्टारिओचा आठने. बेरीज ४९ टक्के. २४० मधले हातात राहिले १२२.

कोल्हापूरकर गप्प झाला. ऑन्टारिओत सगळ्यात वरच्या पायरीवर, वर्षाला अडीच लाखांहून जास्त कमावणाऱ्याला, दोन्ही टॅक्स मिळून लागतात ५३.५३ टक्के. गोदामात खोकी उचलणारा बाप त्याच्या जेमतेम चार-पाच टक्के खाली.

माझं म्हणणं तेव्हाही हेच होतं, आजही आहे. प्रांत म्हणतो, आमचा टॅक्स ५.०५. पण भत्ता मागे घेताना तोच प्रांत आठ टक्के कापतो, टॅक्सपेक्षा जास्त! फरक एवढाच की ही कपात टॅक्सच्या तक्त्यात दिसत नाही. आणि फेडरल भत्त्याची उतरण तर ८१ हजारांच्या पुढे दोन मुलांना साडेतेरावरून ५.७ वर येते. म्हणजे चढ सगळ्यात उभा कुणाला, तर ज्यांचं आत्ता कुठे बरं चाललंय त्यांना.

मी शेजारच्या क्वेबेक प्रांताचं उदाहरण दिलं. मावसबहीण मॉन्ट्रियलला आहे. तिथे प्रांताचं रिटर्न वेगळं भरावं लागतं, पण कौटुंबिक भत्ता उत्पन्न कितीही वाढलं तरी एका रकमेच्या खाली जात नाही. स्वस्त पाळणाघरंही १९९७ पासून, तेव्हा दिवसाला ५ डॉलर.

"आन् तिथं टॅक्सची पहिलीच पायरी १४ टक्क्यांची, ते कोण सांगणार?" कोल्हापूरकर उसळला. बरोबर आहे त्याचं. तिथल्या लोकांना फेडरल टॅक्समध्ये साडेसोळा टक्के सूट मिळते, तरीही एकूण बोजा जास्तच. पण तो बोजा सगळ्यांवर पसरतो. इथे तो नेमका पोरंबाळं असलेल्यांच्या ओव्हरटाइमवर येऊन बसतो.

ताईने मध्येच सगळ्यांना बजावलं, की बायकोला एक डॉलर पगार नसला तरी तिचं रिटर्न भरायचंच, नाहीतर भत्ता थांबतो. आमच्या घरी पहिल्या वर्षी हेच झालं होतं. तीन महिने भाड्याची ओढाताण झाली, त्यामुळे हे मी प्रत्येक नव्याने आलेल्याला सांगतो.

नागपूरकराला तिने आरआरएसपीत, म्हणजे निवृत्तीच्या बचत खात्यात, पैसे टाकायला सांगितलं. त्याने निव्वळ उत्पन्न कमी दिसतं, टॅक्स वाचतो आणि भत्ताही वाढतो.

"भाडं भरून उरले तर टाकतो ना, ताई."

त्याने पत्राची घडी घातली, पुन्हा उघडली, १२२ वर अंगठा ठेवला.

"शनिवारी सकाळी पोरीचा पोहायचा क्लास असते," तो म्हणाला. "एकदाही गेलो नाही मी."