काचबिंदूचे थेंब आणि मन: त्या मेसेजमधलं खरं किती?

‘काचबिंदूचे थेंब सरळ मेंदूत जातात, डिप्रेशन आणतात. डॉक्टर हे सांगत नाहीत. नीट दिसतंय ना? मग आजच बंद करा.’ हा मेसेज आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर दोनदा फिरला आणि त्या रात्री आईने थेंबांच्या बाटलीला हातच लावला नाही. म्हणून एकेक दावा घेते.

‘सरळ मेंदूत जातात.’ सरळ नाही. डोळ्यात मावतं त्यापेक्षा थेंब मोठा असतो. जास्तीचं औषध डोळ्याच्या कोपऱ्यातल्या बारीक छिद्रातून नाकात उतरतं आणि तिथून रक्तात शिरतं. थेंब घातल्यावर कधी घशाशी कडू लागतं, ते यामुळेच. गोळी घेतली तर रक्तात पसरण्याआधी यकृत तिचा बराच भाग निकामी करतं; नाकातून गेलेलं औषध त्या तावडीतून सुटतं. तेव्हा ‘एवढ्याशा थेंबाने काय होतंय’ म्हणणारेही चुकतात. थेंब घातल्यावर डोळा मिटून नाकाजवळचा कोपरा बोटाने दोन-तीन मिनिटं दाबून धरला, तर रक्तात जाणारं औषध बरंच कमी होतं.

‘डिप्रेशन आणतात.’ पण कोणते थेंब? टिमोलॉल हा बीटा ब्लॉकर, म्हणजे हृदयाची गती मंदावणाऱ्या औषधांपैकी एक. अमेरिकेत 1978 मध्ये मंजूर झाला. थकवा, उदासी, विचित्र स्वप्नं, वयस्कांमध्ये गोंधळलेपण अशा त्याच्या नोंदी आहेत. बीटा ब्लॉकरमुळे डिप्रेशनच येतं, हे मात्र मोठ्या अभ्यासांत पक्कं झालेलं नाही. ब्रिमोनिडिनने पेंग येते; दोन वर्षांखालच्या बाळांना तर ते देतच नाहीत. लॅटानोप्रोस्टबद्दल अशा तक्रारी फार कमी. सगळ्या बाटल्या एकाच माळेत ओवायच्या नाहीत. शिवाय डोळे जातील या धास्तीनेही माणूस खचतो.

डिप्रेशनवरची फ्लुओक्सेटिन किंवा पॅरोक्सेटिन ही गोळी चालू असेल तर डोळ्यांच्या डॉक्टरांना ते आवर्जून सांगा. या गोळ्यांमुळे टिमोलॉल शरीरात साठून नाडी मंदावू शकते.

‘डॉक्टर सांगत नाहीत.’ इथे माझीही तक्रार आहे. आईला टिमोलॉल सुरू झालं तेव्हा आम्हाला फक्त वेळा सांगितल्या. दोन महिन्यांत तिचं पेपरातलं शब्दकोडं सोडवणं बंद झालं, दुपारभर नुसती पडून राहायची. आम्ही वयावर ढकललं. पुढच्या तपासणीला हे बोलल्यावर डॉक्टरांनी थेंब बदलले. महिन्याभराने तिने पेपर मागून घेतला. थेंबांमुळेच तसं होत होतं, असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. पण न बोलता गेलेले ते दोन महिने मला अजून टोचतात.

‘नीट दिसतंय, मग बंद करा.’ हे वाक्य डोळे घालवेल. सर्रास आढळणारा काचबिंदू दुखत नाही. आधी कडेची नजर जाते, समोरचं स्पष्ट दिसत राहतं आणि एका डोळ्याची उणीव दुसरा झाकतो. गेलेली नजर परत येत नाही. मन बिघडल्यासारखं वाटलं तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा, बदली औषध मागा. ते हातात येईपर्यंत, डॉक्टरांनी थांबवायला सांगितलं नसेल, तर चालू बाटली सोडू नका.