अळवाचे नातेवाईक

डोंबिवलीतलं आमचं घर तळमजल्यावर. खिडकीसमोर शेजारच्या इमारतीची भिंत, म्हणून भर दुपारी पेपर वाचायलाही ट्यूब लावावी लागते. फिशटँक घेताना दुकानदाराला हे सांगितलं, तर तो खूश झाला. "मग अनुबियास न्या, क्रिप्टो, म्हणजे क्रिप्टोकोरायनी, न्या. पाण्यातली रोपं ही, कमी उजेडातच खुलतात!"

आधी वाळू. दोन फुटी टँकला पंधरा किलो. तांदूळ तीन पाण्यांत स्वच्छ होतात. ही वाळू अकराव्या बादलीलाही टपरीवरच्या चहासारखं पाणी सोडत होती. पाणी गेलं, बाथरूमची जाळी तुंबली, आणि आंघोळीला निघालेले बाबा टॉवेल खांद्यावर टाकून दारातच उभे.

मग लागवड. रोप म्हटलं की पुरायचं, एवढं आपलं शेतीज्ञान. अनुबियास मी देठापर्यंत गाडला. पंधरा दिवसांत त्याचा जाड आडवा कंद जास्त उकडलेल्या अळकुडीसारखा लिबलिबीत झाला. हा कंद वाळूच्या वरच ठेवायचा असतो. दगडाला दोऱ्याने बांधायचं, मुळं आपली आपण पकड घेतात. अनुबियास हे नाव इजिप्तच्या मृतांच्या देवावरून, अनुबिसवरून, आलंय, हेही मला तेव्हाच कळलं. दुसरं रोप आणून शिवणाच्या रिळाने दगडाला गुंडाळत बसलो, तर बायको म्हणाली, "सात फेरे घाला. जन्म नाही, निदान सात दिवस तरी टिकेल."

क्रिप्टोचं दुःख निराळं. त्याच्या भाईबंदांच्या काही जाती सह्याद्रीच्या ओढ्यांत आपोआप उगवतात. आमच्याकडे मात्र आठव्या दिवशी पानं विरघळू लागली. साध्या वाळूत खायला काहीच नसतं म्हणून मुळांशी खताच्या गोळ्या खुपसल्या. उजेड कमी पडत असेल म्हणून दिवा बारा तास ठेवला. त्यावर शेवाळ काय पोसलं! काचेवर, दगडावर, फिल्टरच्या नळीवर हिरवी लव. क्रिप्टोचा उरला तो मुळांचा झुपका. वैतागून तो उपटला आणि मागच्या मोरीच्या तोंडाशी, आईच्या अळवात, फेकून दिला.

जागा बदलली की क्रिप्टो पानं टाकतो, मुळं शाबूत असली तर पुन्हा फुटतो. हे मला महिन्याने समजलं.

तोवर आईने हाक मारली. अळवाच्या छत्रीसारख्या पानांखाली, भांड्यांच्या पाण्याने सदा ओल्या मातीत, तपकिरी-हिरव्या अणकुचीदार पानांचा झुपका डौलात उभा. खत नाही, दिवा नाही, वाळू धुणं नाही. मी सांगितलं, "अगं, हा आणि तो अनुबियास, दोघंही अळवाच्याच कुळातले."

आईने एक पान खुडलं, बोटांत चुरडलं, वास घेतला.

"खाजरं दिसतंय," ती म्हणाली. "चिंच जास्त घालावी लागेल."