मालकाला फोन द्या

"डब्ल्यू-फोर कर्मचाऱ्याने मालकाला द्यायचा असतो, आम्हाला नाही," असं पेरोल सेवेच्या हेल्पलाइनवरच्या बाईंनी मला परवा अतिशय गोड आवाजात सुनावलं. डब्ल्यू-फोर म्हणजे अमेरिकेत पगारातून आयकर किती कापायचा हे सांगणारा फॉर्म.

"दिला की."

"मालकाला तो मिळाला का?"

"मिळाला. मालक मीच आहे."

"मग कर्मचाऱ्याला जरा फोन द्या, पडताळणी करते."

"तोही मीच."

पलीकडे कीबोर्ड वाजायचा थांबला. "सर, आत्ता तुम्ही नक्की कोणाच्या वतीने बोलताय?"

हा प्रश्न एरवी माणसाला उतारवयात पडतो. मला तो पेरोलमुळे लवकर पडला.

प्रकरण साधं आहे. दिवसा नोकरी, उरल्या वेळात स्वतःची एकखांबी एस-कॉर्प, म्हणजे जिचा नफा थेट मालकाच्या रिटर्नमध्ये धरतात अशी कंपनी. हिशेबाला गोल आकडे घ्या: नोकरीचा पगार १,८०,००० डॉलर, स्वतःच्या कंपनीतून ५०,०००. अमेरिकेत २०२५ साली सोशल सिक्युरिटीचा, म्हणजे सरकारी पेन्शनचा, कर पहिल्या १,७६,१०० डॉलर पगारावरच होता, ६.२ टक्के कर्मचाऱ्याचे, ६.२ टक्के मालकाचे. ही मर्यादा नोकरीतच ओलांडली गेली. पण दुसरा मालक मोजायला पुन्हा शून्यापासून सुरुवात करतो. पहिल्याने किती कापलं याच्याशी त्याला कर्तव्य नसतं, आणि "माझं भरून झालंय, कापू नका" असं त्याला सांगण्याची सोय नाही. म्हणून माझी कंपनी माझ्याकडून ३,१०० डॉलर कापते आणि पदरचे ३,१०० घालते. पदर अर्थातच माझाच.

कर्मचाऱ्याचे ३,१०० परत मिळतात, वार्षिक रिटर्नच्या, म्हणजे फॉर्म १०४० च्या, शेड्यूल ३ वर मागितले की. पण ते पुढच्या वर्षी. तोवर सरकारला बिनव्याजी उधार द्यायचं नसेल, तर नवा डब्ल्यू-फोर भरून आयकराची कपात साधारण तेवढ्याने कमी करायची. अख्खे ३,१०० मात्र उतरवू नका. २ लाखांवरच्या पगाराला ०.९ टक्के जादा मेडिकेअर (म्हातारपणच्या सरकारी आरोग्यविम्याचा कर) लागतो, आणि दोन्हीपैकी एकही मालक एकटा २ लाख ओलांडत नसल्याने तो कोणीच कापत नाही. एकट्याने रिटर्न भरणाऱ्याला २,३०,००० वर २७० डॉलर फॉर्म ८९५९ लावून नंतर भरावे लागतात. तेवढे ठेवा बाजूला.

तर या डब्ल्यू-फोरसाठी फोन. बाई म्हणाल्या, "कर्मचाऱ्याची जास्त कपात होत असेल तर त्याने मालकाकडे दुरुस्ती मागावी."

हे अर्धवट खरं आहे. एकाच मालकाने मर्यादेपलीकडे कापलं तर दुरुस्ती त्यानेच करायची. दोन मालकांमुळे जास्त गेलं तर रिटर्नमध्ये मागायचं. मी हे समजावून सांगितलं.

"मालक म्हणून तुम्ही म्हणताय की कपात बरोबर आहे?"

"हो."

"आणि कर्मचारी म्हणून तक्रार आहे?"

"तक्रार नाहीये हो. फॉर्म आहे."

"तुमच्या एचआर विभागाशी बोललात?"

"एचआर नाही."

"कंपनीत माणसं किती?"

"एक."

"एचआर धरून?"

"सगळं धरून."

शेवटी त्यांनी मालकाला एक संमतिपत्र पाठवलं, ते मी सही करून परत केलं, आणि 'आपल्या मालकाने आपली विनंती मंजूर केली आहे' असा ईमेल कर्मचाऱ्याला आला. मालक दिलदार निघाला.

इथवर हसून सोडता येतं. मालकाचे ३,१०० सोडवत नाहीत. ते कधीच परत येत नाहीत. बरं, पेन्शनच्या नोंदीत मिळकत मर्यादेपर्यंतच धरतात, म्हणजे या पैशाने म्हातारपणी दमडीचीही भर पडत नाही.

आणि हे सगळं कशासाठी, तर "एस-कॉर्प कर, पेरोल टॅक्स वाचतो" हे वाक्य प्रत्येक गेट-टुगेदरला कोणीतरी प्लेट हातात धरून ऐकवतं म्हणून. पेरोल टॅक्स म्हणजे हेच सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअर; एस-कॉर्पमध्ये ते पगारावर लागतात, नफ्यावर नाही. दुसरी नोकरी नसेल तर वाचतो, मान्य. पण नोकरीतच मर्यादा भरली असेल तर गणित उलटं होतं. एकट्याच्या नावावरच्या साध्या धंद्यात रिटर्नसोबतचं शेड्यूल एसई नोकरीचा पगार आधी मोजतं आणि सोशल सिक्युरिटीचे दोन्ही बाजूंचे मिळून १२.४ टक्के सोडून देतं. १,००,००० नफा असेल तर त्याच्या ९२.३५ टक्क्यांवर फक्त २.९ टक्के मेडिकेअर: २,६७८ डॉलर. एस-कॉर्पमध्ये तोच नफा, त्यातून ५०,००० पगार: मालकाचे ३,१०० आणि दोन्ही बाजूंचा मेडिकेअर १,४५०, मिळून ४,५५०. जादा मेडिकेअर दोन्हीकडे वगळलाय. वर केंद्राचा बेकारी कर, राज्याचा वेळेवर भरला तर बहुतेक ठिकाणी ४२ डॉलर, राज्याचा निराळा. मीच मला कामावरून काढलं तर, या शक्यतेचा हा विमा! शिवाय दर तिमाहीला पेरोल टॅक्सचा फॉर्म ९४१, आणि हेल्पलाइनचे पैसे.

पगारच घेऊ नये, नुसता नफा उचलावा, हाही सल्ला मिळतो. आयोवातल्या वॉटसन नावाच्या अकाउंटंटने वर्षाला २४,००० पगार दाखवून बाकीची रक्कम नफा म्हणून उचलली. कोर्टाने त्याचा रास्त पगार ९१,०४४ ठरवला आणि २०१२ मध्ये अपिलातही तेच टिकलं. तो तर स्वतः अकाउंटंट होता.

एस दर्जा सोडायचा तर निम्म्याहून जास्त शेअर ज्यांच्याकडे आहेत त्यांची लेखी संमती लागते. ती मिळेल, भागधारकाला मी ओळखतो. अर्ज १५ मार्चच्या आत गेला तर त्याच वर्षापासून लागू होतो, मात्र पुढची ५ वर्षं परवानगीशिवाय परतता येत नाही. आणि दर्जा सोडल्यावर ती साधा धंदा होत नाही, सी-कॉर्प होते. नफ्यावर कंपनीचा कर, तोच नफा लाभांश म्हणून घरी आणला की माझा. कंपनीच गुंडाळायची म्हटलं तरी शेवटचा ९४१ भरून, त्यावर बंद झाल्याची खूण करून, शेवटचा पगार कधी दिला ती तारीख घालावी लागते. मग त्या कर्मचाऱ्याला डब्ल्यू-टू, म्हणजे वर्षाच्या पगाराचा आणि कपातीचा दाखला, पाठवायचा. त्याचा पत्ता बदलला असेल तर आधी पुन्हा हेल्पलाइन.