पोट्ट्याले काय इचारता?

पोट्टं यंदा नववीत किंवा दहावीत असेल तर त्याच्या कॉलेजचा शोध सुरू करायला हाच मुहूर्त आहे. कामाची वाटणी आधीच करून टाका. चिंता तुम्ही करायची, सल्ला गावानं द्यायचा आणि पोट्ट्यानं बॅग उचलून निघायचं. घरात एखादी भोळी आजी असतेच. ती मध्येच म्हणेल, "अरे, त्याले तरी इचारा, काय शिकतो म्हून." आजीला चहा द्या आणि पावसाचा विषय काढा.

विचारायला माणसं काय कमी आहेत? पहिला मान जावयाचा. जावई पुण्यात कंपनीत आहे. कोणत्या कंपनीत आणि नेमकं काय करतो, हे लग्नात कोणी विचारलं नव्हतं, आता विचारणं बरं दिसत नाही. तो पोळ्याला आला की पोराला त्याच्यापुढं उभं करा. जावई मोबाइलमधून मान वर न काढता "कॉम्प्युटरला स्कोप आहे" म्हणतील, ते लिहून घ्या. मग कृषी केंद्रवाले. त्यांनी गेल्या मृगात दिलेलं बियाणं उगवलं नाही आणि तुम्हाला दुबार पेरणी करावी लागली, हे खरं. पण तो विषय बियाण्याचा होता, शिक्षणात माणूस जाणकार आहे. शेवटचा शब्द मामाजींचा. त्यांचा पोरगा २००९ साली इंजिनीअर झाला, तेव्हापासून दोन्ही घरांत त्यांच्या शब्दाबाहेर कोणी जात नाही. पोराला नोकरी किती वर्षांनी लागली, हे मात्र विचारू नका. मामाजींना वाईट वाटतं.

शाळेतल्या सरांना टाळा. ते गाठून सांगतील की दहावीच्या मार्कांवर शासकीय तंत्रनिकेतनात डिप्लोमाला प्रवेश मिळतो, सीईटी, म्हणजे राज्याची प्रवेश परीक्षा, लागत नाही, आणि डिप्लोमा झाला की थेट इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला जाता येतं. नागपूरच्या व्हीएनआयटीत, म्हणजे केंद्र सरकारच्या इंजिनीअरिंग कॉलेजात, निम्म्या जागा आपल्याच राज्यातल्या पोरांसाठी असतात. अकोल्याला १९६९ पासून कृषी विद्यापीठ आहे. असलं ऐकलं की डोकं भणभणायला लागतं. शेतकऱ्याच्या पोरानं शेतीच शिकायची, तर मग मी काय करून रायलो इतके वर्षं? सरांना नमस्कार करा, "पाहू" म्हणा आणि गाडीला किक मारा.

आता क्लास. केंद्र सरकारनं जानेवारी २०२४ मध्ये कोचिंगवाल्यांसाठी सूचना काढल्या की सोळा वर्षांखालच्या मुलाला घ्यायचं नाही, दहावीची परीक्षा झाल्यावरच घ्यायचं. पण सरकार दिल्लीत, पोट्टं दारव्ह्यात. शिवाय आठवीच्या वर्गाला 'फाउंडेशन' म्हटलं की ते कोचिंग राहत नाही. पाया भरायला कुठं वय लागतं?

फीचा आकडा ऐकून घाबरू नका, क्विंटलमध्ये मोजा. समजा, एक लाख वीस हजार. खोली आणि मेस वेगळी. २०२५-२६ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव ५,३२८ रुपये होता, म्हणजे साडेबावीस क्विंटल झाले. कोरडवाहू रानात एकरी पाच-सहा क्विंटल निघालं तरी देव पावला, म्हणजे गेलं चार एकर. तेही हमीभावानं घेणारा भेटला तर, नाहीतर व्यापारी मूठभर दाणे तोंडात टाकतो, दातानं फोडतो आणि "ओल हाये काकाजी" म्हणत भाव पाडतो. हा हिशेब वहीत ठेवण्याचा नाही. पोराचा घास तोंडाजवळ गेला की मोठ्यानं करायचा: "नाल्याकडलं चार एकर तुह्यासाठी गेलं बरं!" पोट्टं घास तसाच ताटात ठेवतं. त्याचं लक्ष अभ्यासाकडं लागल्याची ती खूण.

क्लास शहरात, आणि नाव मात्र क्लासवाल्यांनी सांगितलेल्या कॉलेजात. याला 'टाय-अप' म्हणतात. पोरगा कॉलेजात दिसत नाही, हजेरी मात्र भरलेली असते. अशी कृपा पूर्वी फक्त संतांकडं होती, एकाच वेळी दोन ठिकाणी दर्शन देण्याची. बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजीला प्रत्येकी तीस मार्कांचं प्रॅक्टिकल असतं. परीक्षानळी त्याच दिवशी पहिल्यांदा हातात आली तर नवलाई टिकून राहते.

परीक्षेबद्दल तुम्हाला स्वतःला काही ठाऊक असायची गरज नाही, पण सूचना देणं बापाचं कर्तव्य आहे. डॉक्टरकीच्या नीट परीक्षेत १८० प्रश्न, ७२० मार्क; बरोबर उत्तराला चार मिळतात, चुकलं की एक कापतात. पोराला बजावा, "एकबी प्रश्न कोरा सोडू नोको." सीईटीत चुकीचे मार्क कापत नाहीत, तिथं ताकीद द्या, "येत नसन त हात लावू नोको." पोट्टं काही सांगायला तोंड उघडेल, तेव्हा शेवटचं अस्त्र काढायचं: "आमच्या वेळी कोनी सांगाले बी नोहतं."

सीईटीचा निकाल पर्सेंटाइलमध्ये येतो. पर्सेंटाइल म्हणजे टक्के, असं धरून चाला. मला एकदा पुतण्यानं त्याच्या निकालाच्या वेळी समजावून सांगितलं होतं. जिनिंगच्या गेटवर कापसाच्या शंभर गाड्या उभ्या आहेत असं समजा. ८५ पर्सेंटाइल म्हणजे आपल्या मागं अंदाजे पंच्याऐंशी गाड्या आणि पुढं पंधरा. काटा संध्याकाळी बंद होतो, त्यामुळं पुढच्या पंधरांवरही लक्ष ठेवावं लागतं. हे मला लगेच समजलं. तरीही मी "पंच्याऐंशी टक्के" म्हणूनच पेढे वाटले, कारण गावात प्रत्येकाला जिनिंगचं गेट कुठं समजावत बसू?

आता कॉलेज पाहायला जावं की नाही, हा प्रश्न. मुळीच जाऊ नये. पाहून घ्यायची वस्तू म्हणजे बैल. मागं मी गवळाऊ जोड घेतली, तेव्हा तीन बाजार फिरलो. बैलाच्या तोंडात हात घालून दात मोजले. दलाल चारदाती म्हणत होता, निघाला सहादाती. पाठीवरचा भोवरा पाहिला, खूर उचलून पाहिले, शेपटी पिळून पाहिली. मारका आहे का, हे बैलाला नाही, मालकाच्या पोराला बाजूला घेऊन विचारलं, कारण लहान पोरगं खरं बोलतं. दलालानं दुपट्ट्याखाली माझी बोटं दाबून भाव सांगितला, मी दोन बोटं कमी दाबली. एवढं झाल्यावरही पैसे दिले नाहीत. "जुपून दाखव," म्हटलं. त्यानं जोड गाडीला जुपली, बाजाराबाहेरच्या चढावर नेली, आणि मी मागं मागं चालत चाल पाहिली. डावा बैल चढावर मान टाकत होता. त्याला सोडून दिलं, दुसरा पाहिला.

पोराचं कॉलेज मी पिवळ्या पत्रकावर पाहिलं. पत्रकावर डोंगराच्या पायथ्याशी काचेची इमारत होती. आमच्या भागात तसा डोंगरही नाही आणि तशी काचही नाही, पण फोटो छान होता. प्रयोगशाळा आहे का, शिक्षक किती, मागच्या वर्षीची पोरं कुठं गेली, असं काही विचारलं नाही. शिकलेल्या माणसांच्या तोंडात हात घालून दात मोजणं शोभत नाही.

कागदपत्रांची घाई करू नये. जात पडताळणीला ओबीसी असाल तर १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा पुरावा लागतो, भटक्या-विमुक्तांना २१ नोव्हेंबर १९६१ च्या आधीचा. म्हणजे आजोबांचा शाळेतला दाखला किंवा कोतवाल बुकाची, म्हणजे गावच्या जुन्या जन्म-मृत्यू नोंदवहीची, नक्कल. आजोबांचं नाव त्या पानावर 'गणपत्या' असं असतं, सातबाऱ्यावर 'गणपतराव', आणि तुमच्या आधार कार्डावर वडिलांचं नाव इंग्रजीतून फिरून मराठीत 'गनपात' होऊन आलेलं असतं. तिन्ही माणसं एकच, हे तुम्हाला ठाऊक आहे, समितीला नाही. हे काम पोरगं अकरावीत असतानाच उरकता येतं, म्हणून तेव्हा करू नका. बारावीनंतर प्रवेशाची फेरी सुरू झाली, शेवटचे तीन दिवस उरले आणि त्यात एक रविवार आला, की निघा. नॉन-क्रिमिलेअर, उत्पन्नाचा, रहिवासी, सगळं त्याच आठवड्यात. दाखले देणाऱ्या सेतू केंद्राच्या रांगेत ओळखीचे सगळे भेटतात, लग्नं जुळतात. अल्पभूधारकाच्या मुलांसाठी पंजाबराव देशमुखांच्या नावानं वसतिगृहाचा निर्वाह भत्ता आहे, असं कोणी रांगेत सांगितलं तर "आपल्याले कोन देते?" म्हणून पुढं सरका.

पोरींचं प्रकरण सोपं आहे, तिथं शोधच लागत नाही. सरकारच्या मानव विकास योजनेची निळी बस सकाळी गावात येते, पोरींना फुकट तालुक्याला नेते आणि आणते. बारावीपर्यंत. म्हणून शिक्षणही बारावीपर्यंत. जिथं बस थांबते तिथं पोरीची हुशारीही थांबली पाहिजे, नाहीतर तिकिटाचे पैसे पडतात. जुलै २०२४ मध्ये सरकारनं निर्णय काढला की आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरच्या ओबीसी, ईडब्ल्यूएस आणि एसईबीसी मुलींना केंद्रीभूत प्रवेशातून व्यावसायिक अभ्यासक्रम मिळाला, तर शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ. आमच्या शेजारच्या घरी ही बातमी मोबाइलवर आली, तेव्हा पोरगी बाहेर अंगणात भांडी घासत होती आणि आत तिच्यासाठी पाहुणे पोहे खात होते. बातमी चांगली आहे, असं पाहुणेही म्हणाले.

राहिला अर्ज. २०२५ पासून अकरावीचा प्रवेश साऱ्या राज्यात ऑनलाइन झाला. दहापर्यंत कॉलेजांची पसंती क्रमानं द्यायची असते. ती देण्याचा अधिकार तालुक्याच्या स्टँडसमोरच्या नेटवाल्याचा आहे, तो त्याच्याकडून हिरावून घेऊ नका. आम्ही गेलो तेव्हा त्या टपरीत आठ बाप, आठ पोरं आणि एक पंखा होता. ओटीपी माझ्या मोबाइलवर येणार होता, मोबाइल घरी चार्जिंगला होता, आणि घरी लाईन नव्हती. शेजाऱ्याच्या फोनवरून बायकोला निरोप दिला. ती मोबाइल घेऊन पाण्याच्या टाकीवर चढली, कारण रेंज तिथंच येते. "सात... मंग दोन... थांबा, इझला वाटते." शेवटी नेटवाल्यानं आपलाच नंबर टाकला. पोराचा अर्ज आजही त्याच्या नंबरवर आहे आणि पासवर्ड त्याच्या मेहुणीच्या नावावर.

"पह्यली पसंती कोनती टाकू काकाजी?"

दाराजवळून पोट्टं म्हणालं, "बाबा, मी काय म्हन्तो..."

"मोठे लोक बोलून रायले नं!" मी त्याला गप्प केलं आणि नेटवाल्याकडं वळलो. "बाकीच्याइनं कोनती टाकली?"

बाकीच्यांनी टाकली तीच आम्ही टाकली. शेजारी पेरतो तेच पेरायचं, ही आपली जुनी रीत. पहिल्याच फेरीत तेच कॉलेज लागलं, घरी जल्लोष झाला. नियम नंतर कळला. पहिल्या पसंतीचं लागलं की तिथं प्रवेश घ्यावाच लागतो, नाही घेतला तर पुढच्या नियमित फेऱ्यांची दारं बंद. प्रवेश घ्यायला गेलो तेव्हा कॉलेज पहिल्यांदा पाहिलं. मंगल कार्यालयाच्या वर तीन खोल्या. लग्नाची तिथी असली की सुट्टी. प्रयोगशाळा कुठं आहे विचारलं, तर "दिवाळीनंतर येऊन रायली" म्हणाले. चढ असा नव्हताच, फक्त जिना होता, पण मला उगाच तो डावा बैल आठवला.

दिवाळीला पोरगा घरी आला. हरभऱ्याला पाणी द्यायचं होतं आणि त्या आठवड्यात थ्री फेजची रात्रपाळी होती. दीड वाजता लाईन आली. मोटर नुसतीच गुरगुरली आणि बंद पडली. वायरमन सकाळशिवाय येत नाही. पोट्टं माझ्यामागून विहिरीवर आलं, फ्यूज काढले, स्टार्टरची पेटी उघडली. "बाबा, टॉर्च इकडं धरा." कुठला तरी पॉइंट जळून काळा झाला होता, तो त्यानं पॉलिश पेपरनं घासला, एक तार काढून दुसरीकडं बसवली, रिलेचा स्क्रू नखानं थोडासा फिरवला. हे त्याला कोणी शिकवलं, मला ठाऊक नाही, मी कधी विचारलं नाही. फ्यूज बसवून त्यानं हिरवं बटण दाबलं. मोटरनं आवाज धरला, आणि दांडात पाणी आलं.

तो पाण्याकडं पाहत उभा राहिला. मी टॉर्च बंद केला.

"झालं नं? चाल मंग घरी. बायोलॉजीचे दोन धडे बाकी हायेत म्हने तुह्ये."